चौथा नंबर आला की पुरे: मँचेस्टर युनायटेडच्या मालकांबद्दल माझी एक थिअरी

स्ट्रेटफर्ड_सदाशिव (धागाकर्ता)

आधीच सांगतो, २०२४-२५ चा मॅनेजर अमोरिम याची ३-४-३ मांडणी बरोबर की चूक, कप्तान ब्रुनोला पुढे खेळवावं की मागे, यावर हा धागा नाही. त्यासाठी वेगळा काढा. २०२४-२५ मध्ये लीगमध्ये पंधरावा नंबर आणि वर बिल्बाओत स्पर्सकडून युरोपा लीगची (युरोपातली दुसऱ्या पायरीची स्पर्धा) फायनल घालवली, एवढं झाल्यावर जो तो मॅनेजरला आणि खेळाडूंना धारेवर धरतोय. मला बोलायचंय ते त्यांच्या डोक्यावर बसलेल्यांबद्दल.

थिअरी अशी. मालक ग्लेझर कुटुंबाला लीग जिंकायची गरज कधीच नव्हती. जिंकली तर आनंदच, पण त्यांना खरी हवी होती ती चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेची पात्रता, म्हणजे लीगमध्ये पहिल्या चारांत नंबर. पहिला आणि चौथा यांच्यातला फरक त्यांच्या हिशेबात किरकोळ; चौथा आणि पाचवा यांच्यातला मात्र कोट्यवधी पौंडांचा. हे एकदा धरून चाललात की २०१३ मध्ये मॅनेजर फर्ग्युसन गेल्यापासूनचे बरेच निर्णय, जे आपण मूर्खपणा म्हणून सोडून दिले, ते मालकांच्या बाजूने चांगलेच शहाणपणाचे वाटायला लागतात.

मॅनेजरांना कधी काढलं तेवढं बघा. २०१३-१४ मध्ये फर्ग्युसनच्या जागी आलेल्या मोयेसच्या संघाने घरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट ब्रॉम, एव्हर्टन, न्यूकॅसल सगळ्यांकडून मार खाल्ला. लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी दोघांनीही घरात येऊन ३-० ने धुतलं. नोकरी शाबूत! मग २० एप्रिल २०१४, ईस्टरचा रविवार, एव्हर्टनकडे जाऊन ०-२. त्या दिवशी चौथा नंबर गणितानेही अशक्य झाला आणि मंगळवारी सकाळी मोयेस घरी. चॅम्पियन्स लीग हुकली तर कमी भरपाईत काढता येईल असं कलम त्याच्या करारात असल्याचं तेव्हा पेपरांत आलं होतं.

पुढचा मॅनेजर व्हॅन गाल, त्याचं तर अजून मजेशीर. २०१४-१५ मध्ये तो चौथा आला, विजेत्या चेल्सीच्या १७ गुण मागे. कोणाला काही अडचण नव्हती. पुढच्या वर्षी ६६ गुण, सिटीचेही ६६, पण गोलफरकावर सिटी चौथी आणि आपण पाचवे. २१ मे २०१६ ला वेम्बलीवर एफए कप उचलला, २३ तारखेला नारळ. कप हातात असलेल्या माणसाला काढलं, १७ गुणांनी मागे राहिलेल्याला नाही. माणूस तोच!

आता त्याच्यानंतरच्या मोरिन्योचा २०१७ चा मे महिना आठवा. ॲडिडासबरोबर २०१५-१६ पासून दहा वर्षांचा ७५ कोटी पौंडांचा करार होता. त्यात अट अशी, की सलग दोन सीझन चॅम्पियन्स लीगमध्ये नसाल तर त्या वर्षीच्या रकमेत ३० टक्के कपात. २०१६-१७ चा एक सीझन बाहेर गेलेलाच होता, दुसरा परवडणारा नव्हता. त्या महिन्यात लीगच्या मॅचेस कशा खेळवल्या ते विसरला असाल तर हायलाइट्स काढून बघा. आर्सेनलकडे जाताना अर्धा संघ विश्रांतीवर, ०-२ हार, २५ सामन्यांची अपराजित मालिका तिथेच संपली. शेवटच्या दिवशी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध अक्षरशः पोरं उतरवली. पहिला गोल जॉश हॅरपचा, आणि शेवटी सबस्टिट्यूट म्हणून अँजेल गोम्स आला, २००० साली जन्मलेला प्रीमियर लीगमधला पहिला खेळाडू. लीगमध्ये सहावे. पण तीन दिवसांनी स्टॉकहोममध्ये आयॅक्सला २-० हरवून युरोपा लीग जिंकली, आणि मागच्या दाराने चॅम्पियन्स लीग. मोरिन्योने ते ॲडिडाससाठी केलं असं मी म्हणत नाही. त्याला ट्रॉफी हवी होती. पण वरून कोणी हूं की चूं केलं नाही, कारण दोघांना हवं ते एकाच दारातून मिळणार होतं. २०२४-२५ मध्ये बिल्बाओच्या नादात लीग वाऱ्यावर सोडली, तोही हाच प्रयोग. फक्त या वेळी हरलो.

आता फोडा थिअरी.

गनर_गोट्या

चौथा नंबर हे आम्हा आर्सेनलवाल्यांचं पेटंट आहे. पहिल्या चारांत येणं हीसुद्धा ट्रॉफीच, असं आमचे जुने मॅनेजर वेंगरकाकांनी सांगून ठेवलंय. तुम्ही लोक तेव्हा हसत होतात. आता रॉयल्टी काढा.

फुकटचा_पंच

सदाशिवराव, लिहिलंय झकास, पण थिअरी गळकी आहे. नुसता चौथा हवा असता तर एवढा पैसा कशाला उधळला? डी मारिया जवळपास ६ कोटी पौंड, पोग्बा ८.९ कोटी, मॅग्वायर ८ कोटी, अँटनीचा आकडा आठवला तरी पोटात गोळा येतो. आणि एवढं करून २०१३-१४ ते २०२४-२५ या बारा सीझनपैकी पहिल्या चारांत किती वेळा? २०१५, २०१८, २०२०, २०२१, २०२३. पाच वेळा. चौथा नंबर हेच एकमेव ध्येय आणि तेही निम्म्याहून जास्त वेळा हुकतंय, तर हा जगातला सगळ्यात गचाळ कट म्हणायचा.

मोरिन्योनंतरच्या सोल्शायरचं पण सांगा. लिव्हरपूलने घरात येऊन ०-५ केलं तेव्हा आपण सातवेच होतो. काढलं कधी? जवळपास महिन्याने, वॉटफर्डकडून १-४ झाल्यावर. तुमच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशीच काढायला हवा होता. मला तर यात कट दिसत नाही, शुद्ध नालायकपणा दिसतो.

स्ट्रेटफर्ड_सदाशिव

पंचसाहेब, पैसा ओतला हे मान्य. पण कधी आणि कशावर? सातवे आलो, डी मारिया आणि फाल्काव. पाचवे आलो, पोग्बा आणि झ्लाटान. सहावे आलो, मॅग्वायर. पुन्हा सहावे आलो, कासेमिरो आणि अँटनी. आग लागली की बंब येतो. आणि २०१८ मध्ये दुसरे आलो, ८१ गुण, सिटीचे १०० असले तरी फर्ग्युसननंतरचा सगळ्यात बरा सीझन. मोरिन्यो सेंटरबॅक द्या म्हणून गळा काढत होता. दिलं काय? फ्रेड, दालो आणि तिसरा गोलकीपर ली ग्रँट. दुसऱ्यावरून पहिला व्हायला जो खर्च लागतो तो करायचा नाही, सहाव्यावरून चौथा व्हायला लागेल तेवढा करायचा. मग डिसेंबरात ॲनफिल्डवर हरलो, चौथ्या नंबरपासून ११ गुण मागे पडलो आणि दोन दिवसांत मोरिन्यो बाहेर.

शिवाय घेतले ते कोणते खेळाडू? सांचेझ आला तेव्हा त्याला पियानोवर बसवून व्हिडिओ काढला होता, आठवतंय? त्याच वर्षी मे २०१८ मध्ये एड वुडवर्डने गुंतवणूकदारांच्या कॉलवर सांगितलं, की मैदानावरच्या कामगिरीचा आमच्या व्यावसायिक बाजूवर फारसा परिणाम होत नाही. क्लबचा कारभार हाकणारा माणूस हे उघड बोलतोय आणि मला लोक कटवाला म्हणतात.

फुकटचा_पंच

२०२१ मध्येही दुसरे आलो होतो. त्यानंतर सांचो, वरान, रोनाल्डो. तो बंब कुठली आग विझवायला आला होता?

स्ट्रेटफर्ड_सदाशिव

रोनाल्डो सिटीकडे जाणार अशी बातमी होती ती आग. सांचो-वरानबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, तेवढा गुण तुम्हाला.

नाना_नव्वद_मिनिटं

वुडवर्ड मूळचा जेपी मॉर्गनचा बँकर. २००५ च्या खरेदीत ग्लेझरांच्या बाजूने काम केलेला. त्याला फुटबॉलमधलं काय कळतं म्हणून आपण आठ वर्षं बोंबललो. पण त्याला फुटबॉलसाठी ठेवलंच नव्हतं हो. नूडल्सचा पार्टनर, गाद्यांचा पार्टनर, टायरचा पार्टनर (हो, आपले अपोलो टायर्स), ही त्याची कामं, आणि ती त्याने चोख केली.

अवांतर: शर्टावरच्या शेवरोलेचा करार २०१२ मध्ये झाला. सात वर्षांचे ५५.९ कोटी डॉलर. शर्टावर नाव यायच्या आधीच, २०१३ च्या डिसेंबरात, जनरल मोटर्सने युरोपातून शेवरोले ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. २०१७ मध्ये भारतातही विक्री थांबवली. म्हणजे ज्या गाडीची जाहिरात छातीवर, ती ना मँचेस्टरमध्ये मिळत होती ना महाडमध्ये. तरी पैसे येत राहिले. संघ सातवा होता की दुसरा, शेवरोलेच्या चेकवर काय लिहिलं होतं?

ताळेबंद

पेशाने सीए, त्यामुळे राहवत नाही. थोडं लांबेल.

धागाकर्त्यांची दिशा बरोबर आहे, पण ते अजून फुटबॉलच्या चष्म्यातूनच बघतायत. चौथा नंबर हे सुद्धा मालकांना फार मोठं श्रेय झालं.

२००५ मध्ये माल्कम ग्लेझरने क्लब साधारण ७९ कोटी पौंडांना घेतला. (आयरिश घोडेवाले मॅग्नियर आणि मॅकमॅनस यांनी आपले सुमारे २९ टक्के शेअर विकले नसते तर हे घडणं कठीण होतं. आणि त्यांचं फर्ग्युसनशी भांडण कशावरून, तर रॉक ऑफ जिब्राल्टर नावाच्या घोड्याच्या मालकीवरून. असो.) या रकमेतला मोठा भाग कर्जाचा, आणि ते कर्ज बसवलं क्लबच्याच डोक्यावर. तुम्ही फ्लॅट घेताय आणि हप्ते तुमच्या पगारातून न जाता सोसायटीतले बाकीचे लोक वर्गणी काढून भरतायत, अशी ही तऱ्हा. आधी कर्जमुक्त असलेला क्लब एका रात्रीत कर्जबाजारी झाला. त्यातला एक तुकडा तर असा, की व्याज भरायचं नाही, मुद्दलात साठत जाऊ द्यायचं. दर आधी १४.२५ टक्के, २०१० मध्ये १६.२५. आपल्याकडचा सावकार लाजेल.

ऑगस्ट २०१२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात लिस्टिंग. कंपनी केमन बेटांवर नोंदवलेली, भाव १४ डॉलर. आलेल्या पैशांपैकी निम्मा कर्जफेडीला, निम्मा थेट कुटुंबाकडे. शेअर दोन प्रकारचे. तुम्हीआम्ही घेतो ते 'ए', एका शेअरला एक मत. कुटुंबाकडचे 'बी', एका शेअरला दहा मतं. म्हणजे पैसा पब्लिकचा, चावी घरची. नंतर २०२२ पर्यंत बरीच वर्षं लाभांश, साधारण दोन कोटी पौंड दर साल. प्रीमियर लीगचे बाकीचे मालक क्लबमध्ये पैसे घालतात म्हणून आपण त्यांना शिव्या देतो. हे काढत होते.

आता खरा मुद्दा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफने सुरुवातीला २५ टक्के हिस्सा घेतला, ३३ डॉलर भावाने. फक्त त्या पाव हिस्स्याचे १०० कोटी पौंडांहून जास्त झाले आणि त्यातला मोठा वाटा ग्लेझर भावंडांना गेला. पूर्ण क्लब घेतला त्या किमतीपेक्षा जास्त पैसे पाव हिस्सा विकून आले. आणि केव्हा? क्लबने लीग जिंकून दहा वर्षं उलटून गेल्यावर, संघ आठव्या नंबरकडे घरंगळत असताना. किंमत फुटबॉलमुळे वाढली नाही. टीव्हीचे हक्क महागले, प्रीमियर लीग जगभर विकली गेली, आणि असले क्लब जगात मोजकेच. चौथा नंबर आला असता तर दरवर्षीचा खर्च सुखाने निघाला असता, एवढंच. मुख्य कमाई नुसतं बसून राहण्यात होती. त्यामुळे कट की नालायकपणा हा वादच मला पटत नाही. नालायकपणाचा दंड ज्यांना बसत नाही, त्यांनी तो सुधारायची तसदी का घ्यावी?

एप्रिल २०२१ ची सुपर लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःपुरती काढायला घेतलेली स्पर्धा, याच चौकटीत ठेवून बघा. बारा क्लब, जोएल ग्लेझर उपाध्यक्ष, पैसा जेपी मॉर्गनचा, आणि संस्थापकांना कधीच बाहेर पडायची भीती नाही. सदाशिवरावांचा चौथा नंबर कायमस्वरूपी घटनेत लिहून घ्यायचा प्रयत्न होता तो. दोन दिवसांत कोसळला म्हणून वाचलो.

गनर_गोट्या

त्या बारांत आम्हीही होतो. मान खाली.

ऑफसाइड_आत्या

मी सॅलफर्डला राहते, ओल्ड ट्रॅफर्डपासून ट्रामने काही मिनिटं. तुमच्या थिअऱ्या वाचायला मजा आली, पण इथल्या जुन्या लोकांना थिअरीची गरज नाही. २००५ मध्येच एक गट उठला आणि त्याने स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. सभासदांच्या मालकीचा. मुकाट खालच्या डिव्हिजनमधून सुरुवात केली. २०१० मध्ये हिरव्या-सोनेरी मफलरांची लाट आली, न्यूटन हीथचे (युनायटेडचं मूळ नाव) जुने रंग. त्या मार्चमध्ये बेकहॅम मिलानकडून खेळायला आला, ०-४ हरला, आणि मैदानातून जाताना कोणीतरी फेकलेला तोच मफलर गळ्यात घालून गेला. तो फोटो इथे अजूनही पबमध्ये दिसतो.

आणि भावांनो, रॅटक्लिफला एवढ्यात पावन करू नका. २०२४-२५ च्या मध्यावर उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड केली. लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. साडेचारशेच्या आसपास नोकऱ्यांवर दोन टप्प्यांत कुऱ्हाड, फर्ग्युसनचा ॲम्बॅसडरचा करार बंद, कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनचं जेवण बंद करून फळं ठेवली. त्याच काळात मॅनेजर टेन हागला करार वाढवून दिला आणि काही महिन्यांत काढला, स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थला आणून पाच महिन्यांत पाठवला. या दोन प्रकरणांचा खर्च मिळून सुमारे १.४५ कोटी पौंड. किती जणांची जेवणं झाली असती यात? मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर स्टँडच्या छतावरून धबधबा कोसळत होता तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेलच. आता म्हणे एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम. आधी गळती काढा म्हणावं.

फुकटचा_पंच

आत्यांनी टेन हागचं नाव काढलंच आहे तर विचारतो. २०२३-२४ मध्ये आठवा नंबर. चौथ्यापासून मैलभर लांब. काढला? नाही! एफए कप जिंकला म्हणून ठेवला, वर करार वाढवला. व्हॅन गालला कपासकट काढणारे हेच ना? सदाशिवराव, थिअरी इथे संपली.

स्ट्रेटफर्ड_सदाशिव

हेच नव्हेत ना पण. फेब्रुवारी २०२४ पासून फुटबॉलचे निर्णय रॅटक्लिफच्या माणसांकडे आहेत. माझी थिअरी ग्लेझरांच्या हातातल्या अकरा वर्षांपुरती. रॅटक्लिफचे लोक का चुकतात यावर अजून माझ्याकडे थिअरी नाही, नुसता संताप आहे.

आणि ॲडिडासच्या नव्या करारातला बदल बघा: आता सलग दोन वर्षांची वाट नाही, चॅम्पियन्स लीग नसलेल्या प्रत्येक सीझनला एक कोटी पौंड कापणार. आणि २०२५-२६ मध्ये तर युरोपातल्या कुठल्याच स्पर्धेत नव्हतो आपण. म्हणून पंधरावे आल्यावर कुन्हा, म्ब्युमो, शेस्को यांची खरेदी. बंब पुन्हा आला.

मडगांवकर

तुमचो हो वाद वाचून आमका आमच्याच क्लबांची याद आयली. मराठीत लिहितो. तुम्ही मालक पैसे काढतात म्हणून रडता. आमचे मालक पैसे घालत होते, तरी काय झालं? धेंपो पाच वेळा देशाचा चॅम्पियन. २०१६ मध्ये धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघांनीही आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग) सोडली, कारण फेडरेशन फ्रँचायझींच्या आयएसएलला वरची लीग करून यांना खालच्या पायरीवर बसवायला निघालं होतं. चाहत्याला कोणी विचारलं? आणि पुणेकरांना विचारा, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली आणि फ्रँचायझी गेली हैदराबादला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, पाच वर्षांत मालकांनी मोडीत काढला. ग्लेझर निदान दुकान बंद करून जात तरी नाहीत.

नाना_नव्वद_मिनिटं

मडगांवकर, जखमेवर मीठ. महिंद्राच्या मॅचेस कूपरेजला पाहिल्यात मी. यावर खरंच वेगळा धागा हवा, इथे वाहून जाईल.

ऑफसाइड_आत्या

ताळेबंद, एक शंका. ते दहा मतांचे शेअर ग्लेझरांनी बाहेरच्याला विकले तर मतं जातात ना? मग रॅटक्लिफने काय विकत घेतलं?

ताळेबंद

ताई, नियम तसाच होता. 'बी' शेअर कुटुंबाबाहेर गेला की 'ए' व्हायचा, दहाचं एक मत. त्यामुळेच कुटुंबातल्या एखाद्याला एकट्याने बाहेर पडणं आतबट्ट्याचं होतं. रॅटक्लिफसाठी नियमावली बदलून घेतली, त्याच्याकडे गेलेले 'बी' शेअर 'बी'च राहिले.

पण त्याच करारात अजून एक अट आहे. दीड वर्ष उलटल्यावर, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, पूर्ण क्लबसाठी गिऱ्हाईक आलं तर ग्लेझर रॅटक्लिफलाही आपल्यासोबत विकायला लावू शकतात. नवं स्टेडियम, नवे खेळाडू हे सगळं वाचताना ही अट डोळ्यासमोर ठेवा. मी तर यापुढे लीगच्या गुणतक्त्यापेक्षा शेअरचा भाव जास्त बघणार आहे.